साखर ऐकणारा

साखर कानाशी नेऊन ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचा मास्तर. चिमूटभर घ्यायची, डाव्या कानाजवळ न्यायची, डोळे मिटायचे आणि बोट अंगठ्यावर घासायचं. साखर बोलली तर परत. गप्प राहिली तर ठेवून घ्यायची. नवीन बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा तपकीर ओढायला गेला आणि नाकाचा पत्ता चुकला.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो म्हणून कोणाला हसायचं तर हसू दे. मास्तरचं नाव लिहीत नाही, माझंही लिहीत नाही. विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूला ज्यांचं लहानपण गेलं त्यांना नावाशिवाय कळेल, आणि बाकीच्यांना नाव कळून करायचंय काय? तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो आणि मनात 'तू'. इथे मनातलंच लिहितो.

बेकरी त्याची. भट्टी लाकडाची. मी भट्टीच्या तोंडाशी, लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन. सकाळी पाव निघायचे, मग टोस्ट नि खारी, आणि दुपारी भट्टी जरा उतरली की तिच्यात जी ऊब राहायची ती नानकटाईसाठी देवाने मापून दिल्यासारखी. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात आख्ख्या कल्याण पूर्वेच्या बायका दुपारी आमच्या दारात. डोंबिवलीहून पण यायच्या. तेव्हा तशी पद्धतच होती. मैदा, तूप, साखर ज्याच्या त्याच्या घरची. भट्टी आणि पत्रे आमचे. बाईने सामान आणायचं, आमच्या फळीवर मळायचं, गोळे वळून पत्र्यावर ठेवायचे, आम्ही भाजून द्यायचे. घरच्या डब्यात वर्तमानपत्र घालून ती गरम नानकटाई घेऊन जायची. आता कोण करतं? सगळ्यांना पाकीट पाहिजे.

मैदा कोणाचाही चालायचा त्याला. तुपावरही फार बोलायचा नाही. डालडा असला तर नुसता सुस्कारा टाकायचा. पण साखर तपासल्याशिवाय कोणाचा डबा फळीवर चढला नाही. नानकटाईला पिठीसाखर लागते, आणि बाया दळायच्या घरी मिक्सरमध्ये, घाईघाईने. वरून पीठ दिसतं, आत कण राहतात. असा कण तुपात विरघळत नाही. भट्टीत गेला की वितळतो, पातळ होतो, आणि गोळ्याला बसल्या जागेवरून खाली ओढतो. नानकटाई फुगायची सोडून पसरते. वर तपकिरी ठिपके पडतात, खाली पत्र्याला चिकटते. मग बाई म्हणते भट्टीवाल्याने बिघडवलं. हे त्याला सहन व्हायचं नाही.

चाखून का बघत नाही, असं एकदा नव्या गिऱ्हाइकाने विचारलं. मास्तर तिच्यावर असा उखडला!

"दिवाळीचं सामान आहे बाई हे. पहिली नानकटाई देवापुढे जाणार. मी बोट चाटू आणि तुमच्या देवाला उष्टं घालू?"

"मग हाताला कळत नाही का?"

त्याने दोन्ही हात तिच्यापुढे पसरले. जन्मभर तापलेले पत्रे उचलून त्याच्या बोटांची टोकं जळून गुळगुळीत झाली होती, जुन्या चपलेच्या टाचेसारखी. त्यांना सुई टोचली तरी कळत नव्हतं. म्हणून कान. दाणा असला की बारीक करकर येते, चांगली दळलेली असली की येतच नाही. मी पण करून बघितलं आहे. खरं आहे ते.

आणखी एक खोड म्हणजे माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. बाई पुढे आली की नजर डब्यात. वर्षानुवर्षं येणाऱ्या बायकांना तो त्यांच्या डब्यांवरून ओळखायचा. एक बँकेतल्या बाई होत्या. दरवर्षी साखर एकदाच फिरवून आणायच्या आणि दरवर्षी परत जायच्या.

"मास्तर, यंदा दोनदा फिरवली हो!"

"मिक्सर फिरवला असेल. साखर नाही फिरली. न्या परत."

"तुमचा कान आहे का चाळण आहे?"

"चाळण असती तर पदरात घालून दिली असती. कान द्यायला येत नाही."

बाई रागाने जायच्या, घरून परत दळून आणायच्या, आणि पुढच्या वर्षी परत तेच. मला वाटतं त्यांना ते बोलणं ऐकायलाच यायचं असायचं.

मास्तरच्या मागे भिंतीवरच्या फळीवर पत्र्याचे डबे होते, ओळीने. त्यात बेकरीची साखर. बाहेरच्या माणसाला साखर म्हणजे साखर. मास्तरला नाही. जाड दाणा वेगळा, तो बिस्किटावर वरून लावायचा, भट्टीत तसाच चमकत राहतो. बारीक दाणा केकसाठी, कारण लोण्यात फेसताना तो दाणा लोण्याला बारीक बारीक भोकं पाडतो, त्यात हवा शिरते आणि केक हलका होतो. तिथे पिठीसाखर घातली तर भोकं पडत नाहीत, केक बसतो. म्हणजे एका ठिकाणी दाणा पाहिजे आणि दुसऱ्या ठिकाणी नको. दुकानातली तयार पिठीसाखर तो घ्यायचाच नाही. म्हणायचा, गोळे होऊ नयेत म्हणून तिच्यात मक्याचं पीठ घालतात. एका डब्यात खांडसारी, एकात गूळ, बरणीत काकवी. नाताळच्या केकसाठी साखर जाळायचा. कढईत साखर काळी होत जायची, डोळ्यांना झोंबायची, मी ओरडायचो मास्तर उतरवा, आणि तो हात वर करून उभा. "अजून गोड आहे. कडू होऊ दे. गोडाने रंग येत नाही."

माणसांनाही तो साखरेची नावं द्यायचा. चटकन विरघळणारा तो पिठी. वरून चमकणारा, आत काही नाही, तो जाड दाणा. मला ढेप म्हणायचा. गुळाची ढेप. हातोडीशिवाय फुटत नाही म्हणून. माझी त्याला हरकत नव्हती, गुळाला मी कमी समजत नाही. एकदा मी म्हटलं, गुळाची नानकटाई होईल. तो म्हणाला होणार नाही, गुळात ओल असते, मऊ पडेल. मी म्हटलं होईल. त्याने मला एक पत्रा दिला आणि पाठ फिरवून बसला. मी केली. मऊ झाली, पत्र्याला चिकटली, फावड्याच्या टोकाने खरवडून काढावी लागली. मी ती सगळी घरी नेली आणि बायकापोरांना हातही लावू न देता एकट्याने खाल्ली. चांगली झाली होती. आजही सांगतो, चांगली झाली होती.

आता मुलीचं सांगतो. सगळं त्यापाशीच येतं.

मास्तरला एकच लेक. तिला तो खडीसाखर म्हणायचा. गोड, पण दात लावाल तर दात पडेल. भट्टीच्या उबेत वाढली. शाळेतून आली की दप्तर मैद्याच्या पोत्यावर टाकायची आणि बापाच्या शेजारी उभी राहून गिऱ्हाइकांची साखर स्वतःच्या कानाला लावायची. बायका हसायच्या, बाप हसायचा नाही. "काय म्हणते?" विचारायचा. "बोलते बाबा." "मग परत." बस, एवढं चालायचं त्यांचं.

कॉलेज संपवून तिने डोंबिवलीत केकचा क्लास लावला. मास्तरने नको म्हटलं नाही, पण तोंड काकवीसारखं करून बसला. एका दुपारी ती ब्राऊन शुगरचं पाकीट घेऊन आली. दिवाळीचे दिवस, फळीसमोर बायकांची रांग. म्हणाली, "बाबा, यात एक केक करून बघू या?"

त्याने पाकीट फोडलं, चिमूट कानाशी नेली, आणि परात ओढली. पांढरी बारीक साखर घेतली, वर चमचाभर काकवी सोडली आणि तळव्याने चोळायला लागला. चोळता चोळता साखर तपकिरी झाली, ओलसर झाली, वासही तोच. मग दोन ढीग शेजारी शेजारी ठेवले आणि रांगेतल्या बायकांना हाक मारली.

"या, सांगा बघू, हिच्या पाकिटातली कुठली आणि माझी कुठली? आधी काकवी काढून पांढरी करायची, मग काकवी लावून तपकिरी करायची, आणि वर पोरांना क्लास घ्यायचे!"

कोणाला ओळखता येईना. बायका हसल्या. मीही हसलो.

पोरीने दोन्ही ढीग बघितले. शांतपणे म्हणाली, "बाबा, ती अशीच करतात. पहिल्याच दिवशी शिकवलं आम्हाला. रंगासाठी नाही आणली मी. काकवीने केक दुसऱ्या दिवशीही ओला राहतो, म्हणून आणली. तुमचा केक दुसऱ्या दिवशी सुकतो."

रांगेतली कोणीतरी परत हसली. पण हे हसणं वेगळं होतं, आणि ते मास्तरच्या कानाने टिपलं. तेव्हा त्याचा कान तसा होता.

"मग जा तुझ्या क्लासात," तो म्हणाला. "इथे कशाला उभी आहेस?"

तिने हात धुतले, पुसले, आणि गेली. मला वाटलं संध्याकाळी येईल घरी. त्यालाही वाटलं असेल. ती ठाण्याला मैत्रिणीकडे गेली ती तिथलीच झाली. आधी वागळे इस्टेटमध्ये कुठल्या कारखान्याच्या कँटीनला केक द्यायची, मग खोपटला एसटी डेपोच्या जवळ काचेचं कपाट लावून छोटं दुकान टाकलं. लग्नही तिकडेच केलं. तिला वाटायचं बापाने बोलवावं. त्याला वाटायचं लेकीने यावं. दोघंही बरोबर, आणि मधे तेवढं अंतर तसंच.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, दर गुरुवारी बसने ठाण्याला जायची. कुठे जाते हे त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. संध्याकाळी ती परत आली की हा फळी पुसता पुसता विचारायचा, "भट्टी गॅसवर का विजेवर?"

"विजेवर," वहिनी म्हणायची.

"हं."

दर गुरुवारी हेच. भट्टी काय आठवड्याला बदलते? पण तेवढंच विचारता यायचं त्याला, आणि वहिनीला ते कळायचं. मग ती पोळ्या लाटता लाटता आपणच भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची. तिला ताप होता, आता बरा आहे. तिला मुलगा झाला. जावई शांत आहे. हा ऐकायचा आणि ऐकलं नाही असं दाखवायचा.

ते ब्राऊन शुगरचं फोडलेलं पाकीट त्याने एका डब्यात घालून ओळीत सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. ती साखर उघडी राहिली तर वाळून दगड होते. पावाचा तुकडा आत ठेवला की मऊ राहते, असं वहिनीने गुरुवारी विचारून आणलं. मास्तर दर दोन-चार दिवसांनी त्या डब्यातला वाळका तुकडा काढायचा आणि ताजा घालायचा. त्यातली साखर कधी वापरली नाही. डब्याला मला हात लावू दिला नाही.

वहिनी गेली तेव्हा मुलगी आली. बायकांमध्ये बसली. बाप पुरुषांमध्ये. कोणी कोणाशी बोललं नाही. दिवस झाल्यावर ती निघाली, जाताना माझ्या पाया पडली, त्याच्या पडली, आणि त्याने डोक्यावर हात ठेवला तोही दगडावर ठेवल्यासारखा. त्यानंतर गुरुवार आले आणि गेले. ठाण्याची बातमी बंद झाली.

त्याचा कान गेला तो त्याच सुमाराला. मला कधी कळलं, तर एक पत्रा माझ्या हातून सुटून त्याच्या पाठीमागे पडला. स्टेशनपर्यंत आवाज गेला असेल. तो नानकटाई वळत होता, वळतच राहिला. मी म्हटलं, मास्तर, डॉक्टरला कान दाखवा. तो माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मला ऐकू येतंय. तुझंच तोंड बारीक झालंय."

पुढची दिवाळी आली. आनंदवाडीकडची एक बाई लेकीच्या पहिल्या दिवाळसणाला म्हणून सामान घेऊन आली. मास्तरने साखर कानाशी नेली, डोळे मिटले, मान हलवली, ठेवून घेतली. भट्टीतून पत्रा काढला तर पसरून एकमेकींना चिकटलेली, पापडासारखी. जावयाच्या ताटात काय वाढू, म्हणून ती बाई तिथेच खाली बसली. मास्तरने घरचं तूप आणलं, आपली साखर घातली, तिला नवीन करून दिली. मग उरलेला दिवस फळीच्या कोपऱ्यावर बसून राहिला, आणि प्रत्येक बाईला एकच, "परत न्या. दाणा आहे." चांगल्या चांगल्या डब्यांना.

दुसऱ्या दिवसापासून डबा मी आधी हातात घ्यायला लागलो. झाकण घट्ट असतं, उघडून देतो, असं म्हणून. माझा हात लांब दांड्यावर, त्याचा तापल्या पत्र्यावर, म्हणून माझी बोटं शाबूत. उघडताना बोटाने बघून घ्यायचो. साखर बरोबर असली तर झाकण फळीवर उताणं ठेवायचो, दाणा असला तर पालथं. पहिल्या दिवशी त्याने एकदा झाकणाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग साखर कानाशी नेली, डोळे मिटले, उघडले, झाकणाकडे बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे, मळा." अशा दिवाळ्या काढल्या आम्ही. बँकेतल्या बाईसुद्धा परत जात राहिल्या. यावर आमच्यात एक शब्दही कधी झाला नाही. झाला असता तर त्याने मला कामावरून काढलं असतं, आणि मी गेलोही असतो.

मग लाकडाच्या भट्ट्या बंद करायचा हुकूम आला. धूर होतो म्हणे. गॅस लावा नाहीतर बंद करा. जागेचा मालक पण इमारत पाडायच्या गोष्टी करत होता. मास्तर म्हणाला, ही दिवाळी करू आणि फाटक ओढू. बातमी पसरली आणि गेली कित्येक वर्षं तोंड न दाखवलेल्या बायका डबे घेऊन आल्या. कोणी बदलापूरहून, कोणी सुनेला दाखवायला. एवढी रांग मी पाहिली नव्हती.

त्या गर्दीत माझे दोन पत्रे आत करपायला लागले, म्हणून मी भट्टीत वाकलो. मागे पाठ. पत्रे ओढून, उतरवून वळलो, तेवढ्यात काय झालं ते रांगेतल्या बायकांनी मला सांगितलं.

रांगेत पुढे त्याची लेक आली होती. स्टीलचा डबा घेऊन, इतर बायांसारखी. "बाबा," म्हणाली. हा डब्यातच बघतोय. परत म्हणाली, "बाबा, मी." मग तिने स्वतःच डबा उघडला आणि झाकण फळीवर ठेवलं. पालथं. तिला काय माहीत! ठेवताना कोणीही तसंच ठेवतं. मास्तरने साखर कानाशी नेली, डोळे मिटले, उघडले, झाकणाकडे बघितलं.

"परत न्या," म्हणाला. "दाणा आहे."

ती उभीच राहिली म्हणतात. मग डबा बंद केला आणि गेली. मी वळलो तेव्हा मला तिची पाठ दिसली, आणि बायका एकदम बोलत होत्या, अहो मास्तर, काय हे, पोर होती तुमची! तो त्यांच्या हलणाऱ्या तोंडांकडे बघून कसनुसं हसत होता. पुढचा डबा मागत होता.

त्याला सांगायचं म्हणजे ओरडून सांगायला पाहिजे. ओरडलो तर सगळ्या बायकांना कळणार, साखर ऐकणारा मास्तर बहिरा आहे. मी त्याला दंडाला धरून भट्टीच्या मागे लाकडांच्या ढिगापाशी नेलं. तोंडासमोर तोंड धरून एकेक शब्द सांगितला. तुझी लेक. आली होती. डबा तिचा होता. झाकण तिने ठेवलं, मी नाही.

त्याला कळायला वेळ लागला. मग लाकडांवर बसला.

"साखर कशी होती?"

"मी कुठे बघितली? पण तिची आहे. कशी असणार?"

"म्हणजे चूक माझी," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, ठाण्याला जातो, तिला सांगतो, ऐकू येत नाही त्याला, म्हणून झालं. तर त्याने माझा हात असा धरला की दुखलं.

"कान गेला हे सांगायचं नाही. बहिरा झाला बिचारा म्हणून यायची असेल तर नको यायला. शब्द दे."

मी शब्द दिला. दिलेला शब्द मी मोडत नाही.

लक्ष्मीपूजन झाल्यावर खोपटला गेलो. दुकान छान होतं, स्वच्छ. मला बघून तिने काउंटर नवऱ्याच्या हवाली केला आणि बाहेर आली.

"काका, मी दोनदा हाक मारली. वर बघितलंसुद्धा नाही त्यांनी."

"तो कधी कोणाच्या तोंडाकडे बघतो? तुला नवीन आहे का? त्यात बायकांचा गोंगाट."

"आणि साखर? तीनदा चाळून नेली होती मी. घरी केल्यासारखी, हाताने. त्यांना आवडेल म्हणून."

"चूक झाली म्हणाला."

"कोण?"

"तुझा बाप."

"बाबा म्हणाले? 'चूक झाली' म्हणाले?"

"माझ्यासमोर म्हणाला. 'चूक माझी.' हेच शब्द."

ती रस्त्याकडे बघत राहिली. डेपोतून एक एसटी बाहेर पडत होती, ती जाईपर्यंत. मग म्हणाली, "रविवारी येते."

पुढचं लिहायच्या आधी एक सांगतो. मास्तर त्यानंतर फार दिवस राहिला नाही. तिचं दुसऱ्यांदा येणं, मुलाला घेऊन, ठरलं होतं, ते त्याच्यासाठी व्हायचं राहिलं. झोपेत गेला. तो गेला म्हणजे शब्दातून मी सुटलो असं मी धरतो. तिच्या हातात हे पडलं तर पडू दे.

रविवारी ती आली. मास्तरने मला आधीच घरी बोलावून ठेवलं होतं. खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर पडेल अशी खुर्ची त्याने मांडली होती, आणि स्वतः समोर, जवळ. ती आत आली, पाया पडली. मी चप्पल घातली आणि बाहेर गॅलरीत गेलो. बापलेकीचं बोलणं मी ऐकत नाही. दार लोटून घेतलं, खाली रस्ता बघत उभा राहिलो. आतून तिचा आवाज यायचा, शब्द नाही. बराच वेळ. मधे एकदा आवाज फाटला. मग एकदा हसू आलं, मोठं, लहानपणी यायचं तसं. मास्तरचा आवाज नाहीच.

ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि चेहरा मोकळा. जिन्यावर थांबून माझा हात धरला.

"काका, सगळं बोलले मी. इतक्या वर्षांचं सगळं. आणि बाबांनी ऐकून घेतलं. एकदाही मधे बोलले नाहीत. एकदाही नाही! मान हलवत होते फक्त."

"हं," मी म्हटलं. जीभ दाताखाली धरली.

"मला वाटलं नव्हतं असं कधी ऐकतील म्हणून."

ती खाली गेली. मी आत आलो. तो तिथेच बसला होता, तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

मी त्याच्यासमोर बसलो, तोंड मोठं करून सांगितलं, "मी बाहेर होतो."

"काहीच नाही ऐकलंस?"

"नाही."

"ढेप आहेस तू," तो म्हणाला. "रडली तेव्हा आईचं बोलत होती. ते कळलं. ओठांवरून कळलं. पण मग हसली. एवढी हसली. ती कशाला हसली रे?"

मी उठलो, जिना उतरलो. गुडघे दुखतात माझे, तरी उतरलो. ती रिक्षात बसत होती. हाक मारली असती तर थांबली असती, आणि मग मला विचारावं लागलं असतं की तू बापाला काय सांगितलंस, आणि तिने विचारलं असतं, 'का?' रिक्षा वळली. मी परत वर आलो आणि त्याच्यासमोर बसलो.

"म्हणाली, नवरा पण तुमच्यासारखाच मिळालाय. चुकला तरी कबूल करत नाही, नुसता डब्यांची झाकणं लावत बसतो."

मास्तर माझ्या ओठांकडे बघत होता. संपल्यावरही बघत राहिला.

"खोटं बोलतोस," म्हणाला.

खोटं होतं. उजेड उतरत चालला होता, म्हणून त्याने खुर्ची आणखी पुढे ओढली, त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागेपर्यंत.

"परत सांग," तो म्हणाला. "जरा हळू सांग."